बांधाला बांध असलेल्या भावकीशी सलोख्यानं कसं राहावं

माझ्या वडिलांचं आणि चुलत्यांचं अकरा वर्षं बोलणं नव्हतं. दोघांची रानं बांधाला बांध लागून, घराची मधली भिंत एक, विहीर सामाईक. कारण एवढंच, की एका उन्हाळ्यात भाड्याच्या ट्रॅक्टरनं नांगरताना बांधाच्या अंगाला एक तास, म्हणजे नांगराची एक ओळ, जास्त गेलं. वडील म्हणाले, मुद्दाम कोरला. चुलते म्हणाले, बांध मुळात माझाच आहे. त्या अकरा वर्षांत माझी आजी गेली. तिच्या दहाव्याला नदीवर तिचे दोन सख्खे मुलगे दोन वेगवेगळ्या दगडांवर बसले होते. मी तेव्हा चौदा वर्षांचा होतो आणि ते चित्र अजून डोळ्यांपुढून हलत नाही.

अकराव्या वर्षी सरकारी मोजणी झाली. हद्दीचा जुना दगड आमच्या ज्वारीत, मातीखाली वीतभर सापडला. एका टोकाला सव्वा हात जमीन आमच्याकडेच आली होती.

त्यानंतर गावातले आणि पैपाहुण्यांतले बांधाचे, वाटेचे, विहिरीचे बरेच वाद जवळून पाहिले, काहींत मध्ये बसलो. काही मिटले, काही मिटले नाहीत. मिटले त्यांत कोणत्या गोष्टी कोणत्या क्रमानं झाल्या ते इथं लिहितो. क्रमाला फार महत्त्व आहे. बोलण्याआधी मोजणी मागवली की नोटीस घरात येते आणि माणूस बिथरतो. मोजण्याआधी कोर्टात गेलं की मुलाच्या लग्नापर्यंत तारखा चालतात.

आधी घरात बसून हिशेब करा

वाद केवढ्या जमिनीचा आहे हे आकड्यात मांडा. एक गुंठा म्हणजे ३३ फूट गुणिले ३३ फूट, १,०८९ चौरस फूट. चाळीस गुंठ्यांचा एक एकर. समजा बांध २०० मीटर लांब आहे आणि शेजाऱ्यानं एक फूट कोरला असा तुमचा संशय आहे. २०० मीटर म्हणजे सुमारे ६५६ फूट. गेली ती ६५६ चौरस फूट, म्हणजे साधारण सहा दशांश गुंठा. कोरडवाहू ज्वारी एकरी आठ क्विंटल धरली तर त्या पट्ट्यात वर्षाला बारा किलो ज्वारी होते.

बारा किलो सोडून द्या असं मी म्हणत नाही. जमीन जमीन असते, आणि आज एक फूट सोडला तर उद्या दुसरा जाईल ही भीती खोटी नसते. पण हा आकडा कागदावर दिसला की पुढं किती खर्च करायचा, किती राग धरायचा, कोणाच्या लग्नाला जायचं टाळायचं, हे ठरवताना हातात माप राहतं. माझ्या वडिलांनी हा हिशेब पहिल्यांदा केला तो अकराव्या वर्षी.

दुसरा हिशेबही ह्याच बैठकीत करा. त्या घराशी तुमचं काय काय जोडलेलं आहे? पाट त्यांच्या रानातून येतो का? कडब्याची गाडी त्यांच्या वाटेनं जाते का? रात्री साप चावला तर पहिली हाक कोणाला मारणार? बांधाचा शेजारी बदलता येत नाही. शहरात खोली बदलतात तसं रान उचलून दुसरीकडं नेता येत नाही.

बोलायला जाताना

बोलणं बिघडतं ते बहुतेक वेळा जागेमुळं आणि वेळेमुळं. पुढच्या चार ठिकाणी हा विषय काढू नका.

बांधावर नको. तिथं दोघांच्याही हातात काहीतरी असतं, खुरपं, फावडं, काठी, आणि समोर तोच बांध. पारावर किंवा चहाच्या टपरीवर नको, कारण चार माणसांसमोर कोणीही माघार घेत नाही. फोनवर नको; आवाज चढलेला कळतो, चेहरा पडलेला कळत नाही. आणि भावकीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तर अजिबात नको. तिथं पुण्या-मुंबईत राहणारे, वर्षातून एकदा जत्रेला येणारे चुलतभाऊ मत देतात आणि वाद दोघांचा राहत नाही.

जा ते त्यांच्या घरी, सकाळी धारा काढून झाल्यावर. एकटे जा, किंवा दोन्ही घरं मानतात असं एखादं वयस्कर माणूस बरोबर घ्या. पेरणीच्या, काढणीच्या किंवा पाण्याच्या पाळीच्या दिवसांत जाऊ नका, तेव्हा प्रत्येकाचं डोकं तापलेलं असतं. सुगी झाल्यावर, नांगरट सुरू व्हायच्या आधी, म्हणजे पाडव्याच्या आगेमागे जाणं सगळ्यात बरं. रान मोकळं असतं आणि ठरलेलं लगेच नांगरटीत उतरवता येतं.

चहा झाल्यावर विषय काढा. पहिलं वाक्य घरूनच ठरवून न्या, कारण ऐनवेळी तोंडातून भलतंच निघतं. थोरल्या चुलतभावाशी बोलायचं असेल तर असं काहीतरी: “आण्णा, आपला बांध मला औंदा अरुंद वाटतोय. माझ्याकडनं गेला असेल, तुमच्याकडनं गेला असेल, नाहीतर ट्रॅक्टरवाल्यानं ओढला असेल. पाडव्याआधी दोघं एकदा टेप घेऊन जाऊया का?”

ह्या बोलण्यात आरोप नाही. चूक आपली असू शकते हे आधीच कबूल केलंय. आणि शेवटी एक लहान, करता येण्याजोगं काम सुचवलंय. धाकट्याशी बोलताना शब्द बदलतील, पण ह्या तिन्ही गोष्टी राहू द्या.

काही शब्द भावकीत जन्मभर विसरले जात नाहीत. “तुझ्या बापानंही हेच केलं” हे त्यातलं पहिलं. “बायकोच्या ऐकण्यात आहेस” हे दुसरं. मेलेल्या माणसाला आणि घरातल्या बाईला वादात ओढलं की पुढची माफी पुरत नाही. “कोर्टात भेटू” हेही पहिल्या बैठकीत बोलू नका, जरी मनात असलं तरी.

समोरचा चिडला तर उठून या, पण रागानं उठू नका. “बरं आण्णा, तुम्ही विचार करा, मी आठवड्यानं परत येतो,” असं म्हणा आणि आठवड्यानं खरंच जा. दुसऱ्या खेपेला निम्मी माणसं मऊ झालेली असतात असा माझा अनुभव आहे. पहिल्या खेपेला त्यांना धक्का बसलेला असतो, त्यात घरातल्या बाकीच्यांशी त्यांचं बोलणंही झालेलं नसतं.

कागद दोघांनी मिळून बघा

मोजणीचे पैसे भरायच्या आधी एक संध्याकाळ कागदांना द्या. दोन्ही गटांचे सातबारा, खाते उतारा म्हणजे आठ अ, गटाचा नकाशा आणि जमीन ज्या फेरफारानं तुमच्या नावावर आली ते जुने फेरफार. डिजिटल सहीचा सातबारा महाभूमीच्या संकेतस्थळावर पंधरा रुपयांत मिळतो; जुने फेरफार तलाठ्याकडून (आता हुद्दा ग्राम महसूल अधिकारी) किंवा तहसीलच्या अभिलेख कक्षातून मागावे लागतात.

हे कागद एका सतरंजीवर, दोघांच्या समोर उघडायचे. एकट्यानं बघून “माझ्याकडे पुरावा आहे” असं सांगत जाणं आणि दोघांनी मिळून बघणं ह्यात जमीन-अस्मानाचा फरक पडतो. बऱ्याचदा असं निघतं की दोघंही खरं बोलत होते. १९४७ च्या तुकडेबंदी आणि एकत्रीकरणाच्या कायद्याखाली गावोगाव जुन्या सर्व्हे नंबरांचे गट पाडले गेले. कागदावर गट बदलले, पण कित्येक घरांनी वहिवाट जुन्याच तुकड्यावर चालू ठेवली. आजोबांनी “आपलं रान ओढ्यापर्यंत” सांगितलं ते वहिवाटीचं खरं, आणि सातबारा सांगतो ते कागदाचं खरं. नातू भांडतात ते ह्या दोन खऱ्यांवरून.

मोबाइलवरच्या नकाशात निळा ठिपका बघून बांध ठरवू नका. साध्या फोनची चूक काही मीटरची असते आणि तुमचा वाद फुटाचा आहे. मी ह्या ठिपक्यावरून डोकी फुटायची वेळ आलेली पाहिली आहे.

मोजणी करायची तर मिळून करा

कागद बघूनही उलगडा झाला नाही तर तालुक्याच्या भूमी अभिलेख उपअधीक्षकांच्या कार्यालयात हद्द कायम मोजणीचा अर्ज करायचा. तो आता ऑनलाइनही भरता येतो. फी निम्मी निम्मी भरा, आणि शक्य असेल तर दोघांनी एकाच दिवशी आपापल्या गटासाठी अर्ज करा. कार्यालय लगतच्या सगळ्या खातेदारांना नोटीस काढतं. ती पोचायच्या आधी तुम्ही स्वतः प्रत्येकाच्या घरी जाऊन सांगा, की अमुक तारखेला मोजणी आहे, आमच्या दोघांच्या संमतीनं आहे, तुम्ही या. लाल शिक्क्याचा कागद अचानक घरात आला की ज्याचा काही संबंध नाही तोही हरकत घेतो.

मोजणीच्या दिवशी ही तयारी हवी: रान मोकळं, बांधावरची झुडपं तोडलेली, रोवायचे दगड आधीच आणून ठेवलेले. चुना, पहार, दोन गडी. आमच्याकडे खटावात काही जण सिमेंटचे खांब ओतून ठेवतात, तेही चांगलं. भूकरमापक खुणा दाखवून जातो. दगड रोवणं तुमचं काम. तो जाईल आणि दगड उद्या रोवू असं म्हटलं की रात्रीतून खुंटी हलल्याचा नवा वाद उभा राहतो. त्याच संध्याकाळी रोवा, दोघांनी हात लावून रोवा.

नंतर मोजणीचा नकाशा मिळतो, त्याला क प्रत म्हणतात. त्याच्या दोन प्रती काढून दोन्ही घरांत ठेवा. मोजणी मान्य नसेल तर वरच्या अधिकाऱ्याकडून निमताना मोजणी, म्हणजे तीच मोजणी पुन्हा तपासून, मागता येते. ती मागणाऱ्यावर चिडू नका, तो त्याचा हक्क आहे.

आणि मोजणीत तुमच्याच बाजूला जास्त निघालं तर? वडिलांनी त्या दिवशी जे केलं ते मला फार मोठं वाटतं. दगड दिसल्यावर ते दोन मिनिटं उभे राहिले, मग चुलत्यांकडं बघून म्हणाले, “दादा, माझ्याकडंच होतं.” ज्वारी पोटरीत, म्हणजे कणीस बाहेर पडायच्या बेतात होती. चुलते म्हणाले, “सुगी होऊ दे, मग सरकव.” अकरा वर्षांतलं ते पहिलं बोलणं. जागेवर, भूकरमापकासमोर, पण-परंतु न लावता कबूल करायचं. तुमच्या बाजूनं निकाल लागला तर समोरच्याला उभं पीक काढून घ्यायला वेळ द्यायचा आणि गावात त्याची चर्चा करायची नाही.

वहिवाट एकाची, सातबारा दुसऱ्याचा

तुमचा गट त्यांच्या ताब्यात आणि त्यांचा गट तुमच्या ताब्यात, अशी वर्षानुवर्षांची अदलाबदल असेल तर ती कागदावर आणणं पूर्वी परवडत नव्हतं, कारण मुद्रांक शुल्क बाजारभावानं लागायचं. त्यासाठी महाराष्ट्र शासनानं जानेवारी २०२३ मध्ये सलोखा योजना काढली. ताबा किमान बारा वर्षांचा परस्परांकडे असेल तर अदलाबदलीच्या दस्ताला नाममात्र एक हजार रुपये मुद्रांक शुल्क आणि एक हजार रुपये नोंदणी फी. तलाठी आणि मंडळ अधिकारी जागेवर पंचनामा करतात. योजना मुदतीची आहे, म्हणून अर्ज करताना ती चालू असल्याची खात्री आधी तलाठ्याकडं करून घ्या. दोन घरांत बोलणं चालू असेल तरच हिचा उपयोग होतो, कारण दोघांच्या सह्या लागतात.

बांध वर्षभर राखायचा असतो

दगड रोवले म्हणजे काम संपलं नाही. बांध बिघडतो तो छोट्या छोट्या कामांत.

ट्रॅक्टरवाला बाहेरचा असतो, त्याला तुमच्या घरची भांडणं माहीत नसतात. नांगर, रोटर काहीही असो, पहिली दोन तासं स्वतः पुढं चालून दाखवा. बांधापासून हातभर सोडून नांगरायला सांगा आणि तेवढी कड कुदळीनं करा. चुकून बांध ओढला गेलाच, तर संध्याकाळी त्यांच्या घरी जाऊन आपण होऊन सांगा आणि दुसऱ्या दिवशी माती ओढून द्या. त्यांनी बघायच्या आधी तुम्ही सांगितलं तर ती चूक ठरते. त्यांनी आधी बघितलं की ती चोरी ठरते.

तणनाशकाचं फारसं कोणी बोलत नाही, पण मला त्याची हल्ली जास्त काळजी वाटते. उसात किंवा मक्यात टू-फोर-डी मारताना वारा शेजारच्या कपाशीवर, द्राक्षावर किंवा टोमॅटोवर असेल तर पानं वाकडी होतात आणि हंगाम जातो. ही पिकं त्या औषधाला फार नाजूक असतात. फवारणीच्या आदल्या दिवशी शेजाऱ्याला सांगा, वारा पडलेला असताना सकाळी मारा, आणि बांधाकडच्या ओळी हातानं खुरपा. पंप धुतलेलं पाणी त्यांच्या पाटात सोडू नका.

उसाचं पाचट पेटवू नका. पेटवल्यामुळं शेजारचा ऊस, ठिबकच्या नळ्या, कडब्याची गंज गेल्याची उदाहरणं प्रत्येक गावात असतात. सरीत कुजवलं तर रानालाही खत होतं.

बांधावरचं झाड हा भावनेचा विषय आहे, घाई करू नका. सावलीनं त्यांचं पीक खुरटत असेल तर फांद्या छाटायची तयारी तुम्हीच दाखवा. आंबा असेल तर बांधाच्या पलीकडं पडलेला पाड त्यांच्या पोरांचा. नवीन झाड लावताना बांधावर न लावता आत चार-पाच हात लावा. आणि बांधालगत ऊस घेणार असाल तर शेजारच्या भुईमुगाचा, कांद्याचा विचार करून कडेचा पट्टा कमी उंचीच्या पिकाला सोडा. तुमच्या उसाचं पाणी पाझरून त्यांचं रान चिबड, म्हणजे पाणथळ, होत असेल तर कडेनं चर काढायचा खर्च तुमचा.

शेळी-करडू बांध ओलांडणारच. पहिल्यांदा हाकलून द्या, दुसऱ्यांदा दावं धरून त्यांच्या दारात नेऊन बांधा आणि हसून सांगा. कोंडून ठेवू नका.

सामाईक विहीर

विहिरीचे वाद बांधापेक्षा लवकर पेटतात, कारण पाण्याला थांबता येत नाही. बहुतेक घरांत पाळी दिवसांवर असते, दोन दिवस तुमचे, दोन दिवस आमचे. शेतीची वीज काही तासच आणि कधी दिवसा, कधी रात्री येते, त्यामुळं दिवसांची पाळी कधीच सारखी पडत नाही. पाळी विजेच्या तासांवर धरा. स्टार्टरच्या पेटीत एक वही आणि पेन्सिल दोऱ्यानं बांधून ठेवा: मोटर कधी चालू केली, कधी बंद झाली, कोणी. आमच्या विहिरीवर ही वही आल्यापासून पाण्यावरून आवाज चढलेला मला आठवत नाही.

वाद व्हायच्या आधीच उन्हाळ्याच्या तोंडी बसून हे प्रश्न विचारा आणि उत्तरं वहीच्या पहिल्या पानावर लिहा. वीज गेली तर राहिलेली पाळी पुढं सरकते का बुडते? मोटर जळली तर खर्च हिश्शानं का ज्याच्या पाळीत जळली त्याचा? (माझं मत हिश्शानं; मोटर म्हातारी होऊन जळते, कोणाच्या तरी पाळीत ती जळणारच.) बिल कोण भरतो, कधीपर्यंत? गाळ कधी काढायचा? पेटीला दोन किल्ल्या आहेत का? एकच किल्ली एकाच घरात असेल तर विहीर कागदावरच सामाईक असते.

पिण्याचं आणि जनावरांचं पाणी पाळीच्या बाहेर ठेवा, कोणीही कधीही शेंदावं. चैत्र-वैशाखात पाणी अर्ध्यावर आलं की पाळी कापण्याआधी दोन्ही घरांनी पीक कापावं: फळझाडं आणि चारा जगवायचा, बाकीचं सोडायचं. सातबाऱ्याच्या इतर हक्कात विहिरीच्या हिश्शाची नोंद आहे का ते बघा. नसेल तर दोघांचं पटत असतानाच करून घ्या.

वाट

मागच्या रानात जायची वाट अडवणं हा भावकीतला सगळ्यात कडू प्रकार. ज्याचं रान रस्त्याला त्याच्या हातात सत्ता येते. वाट मोकळी ठेव, एवढंच त्याला सांगेन. ज्याची वाट अडली त्यानं हे लक्षात ठेवावं: आधीपासूनची वहिवाट कोणी अडवली तर मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ च्या कलम ५ खाली तहसीलदारांकडं जाता येतं, पण अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत. वाट नव्हतीच आणि बांधावरून नवी हवी असेल तर महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ चं कलम १४३ आहे. बोलणी चालू ठेवा, पण सहा महिन्यांची तारीख कॅलेंडरवर मांडून ठेवा. समजुतीच्या नादात मुदत गेली तर हातातलं सोपं साधन जातं.

वाटणी अजून व्हायची असेल तर

ज्यांचे आई-वडील आहेत आणि तोंडी वाटणीवर सगळं चाललंय, त्यांनी आत्ताच कागद करावा. तोंडी वाटणी भावांत टिकते, पुतण्यांत मोडते.

वाटे पाडायची जुनी रीत मला अजूनही सगळ्यात न्याय्य वाटते: थोरल्यानं वाटे पाडायचे, धाकट्यानं आधी उचलायचं. पाडणारा मग आपोआप सारखे वाटे पाडतो. क्षेत्र सारखं असून भागत नाही. काळी किती, मुरमाड किती, रस्ता कुठं, पाणी कुठून, हे मोजून मुरमाडवाल्याला क्षेत्र थोडं वाढवून द्या. सगळ्या सहधारकांची संमती असेल तर जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ खाली तहसीलदारांकडून वाटणी करून घेता येते. वाटणीपत्रात मागच्या वाट्याची वाट, विहिरीचा हिस्सा, बांधावरची झाडं आणि सोसायटीचं कर्ज कोण फेडणार हेही लिहा. आणि आईच्या नावावर तिच्या हयातीसाठी एक तुकडा ठेवा. जिच्या नावावर रान असतं त्या म्हातारीचा चहा वेळेवर येतो, हे मला लिहिताना वाईट वाटतं, पण मी पाहिलेलं आहे.

बहिणीचं काय? हिंदू कुटुंबात मुलीला जन्मानं मुलासारखाच हक्क आहे. महाराष्ट्रानं १९९४ मध्ये कायदा बदलला, केंद्रानं २००५ मध्ये, आणि ऑगस्ट २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं, की ह्या हक्कासाठी वडील २००५ मध्ये हयात असण्याची अट नाही. तरीही आपल्याकडं हक्कसोडपत्रावर तिची सही गृहीत धरली जाते. गाडी पाठवतात, सही घेतात, साडी देतात, जेवायला घालतात.

असं करू नका. तिला माहेरी बोलवा, भाऊजींना वगळून तिच्याशी एकटीशी बोला, तिचा हिस्सा केवढा होतो ते आकड्यात सांगा, आणि मग विचारा: “ताई, तुझी काय इच्छा आहे?” विचार करायला महिना द्या. ती सोडेल, किंवा थोडं मागेल, किंवा पूर्ण मागेल. पूर्ण मागितलं तर ते तिचंच आहे. तिच्याशी बोलणं कमी करण्याचा तुम्हाला काही अधिकार नाही. सोडलं तर तिनं तुम्हाला काय दिलं हे तुमच्या मुलांना सांगा. मी अशी घरं पाहिली आहेत जिथं बहिणीनं चार एकरांचा हक्क सोडला आणि पुढच्या भाऊबीजेला भाऊ फोनही उचलत नव्हता.

बोलणं तुटलेलंच असेल तर

सुरुवात सुखदुःखापासून होते. त्यांच्या घरी मयत झाली तर बोलावणं नसतंच, त्यामुळं जायला मान आड येत नाही. जा. खांदा द्या, सुतक पाळा, पहिल्या दिवशी पिठलं-भाकरी तुमच्या घरून जाऊ द्या. त्या वेळी बांधाचा विषय अवाक्षरानंही काढू नका. लग्न असेल तर पत्रिका त्यांच्या हातात नेऊन द्या, भिंतीवरून टाकू नका. मुलांना एकमेकांत खेळू द्या. “त्यांच्याकडं जायचं नाही” हे पोरांना शिकवलं की वाद आणखी पन्नास वर्षं जगतो.

मध्यस्थ निवडताना पुढारी टाळा. त्याला दोन्ही घरांची मतं हवी असतात आणि निकाल कोणताच नको असतो. सामाईक मामा, आत्या, जुने शिक्षक, पोलीस पाटील, ज्यांना ह्यातून काही मिळायचं नाही असं माणूस बघा. आत्या फार चांगली मध्यस्थ होते, कारण ती दोघांनाही कान धरून बोलू शकते. २००७ पासून महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहिमेत गावोगाव समित्या झाल्या. तुमच्या गावातली समिती जागती असेल तर तिच्यापुढं जा. ठरेल ते लिहा, सह्या करा, चतुःसीमा आणि मापं घाला.

दावा कोर्टात गेला असला तरी लोकअदालतीत तडजोड होते. तिथला निवाडा कोर्टाच्या हुकूमनाम्याइतकाच पक्का, त्यावर अपील नाही, आणि भरलेली कोर्ट फी परत मिळते. स्त्रियांना तालुका विधी सेवा समितीकडून मोफत वकील मिळतो, हे बहिणींनी आणि विधवा भावजयांनी लक्षात ठेवावं.

एका ठिकाणी मात्र सलोख्याचा विचार बाजूला ठेवा. हात उचलला गेला, पिकावर औषध टाकलं, विहिरीची मोटर फोडली, बाईमाणसाला रानात अडवलं, तर त्याच दिवशी पोलीस ठाण्यात तक्रार द्या. “घरातलं आहे” म्हणून गप्प बसलेल्या घरात मी पुढं मुडदा पडलेला पाहिला आहे.

आमच्या मोजणीनंतर त्या वर्षी सुगी झाली, वडिलांनी बांध सरकवला. पुढच्या पौषात चुलत्यांकडून एक सांगावा आला: हुरड्याला या. आम्ही सगळे गेलो. आगटीपाशी दोघं भाऊ शेजारी बसले होते, फार बोलत नव्हते. चुलते कणसं चोळत होते आणि पहिली मूठ त्यांनी वडिलांच्या हातावर ओतली.

आता दोघंही नाहीत. दरवर्षी पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी, नांगरटीच्या आधी, मी आणि माझा चुलतभाऊ चुन्याची बादली घेऊन बांधावरून चालत जातो आणि सातही दगडांना चुना लावतो. औंदा तिसरा दगड थोडा कलला होता. दोघांनी मिळून सरळ केला.